दार लावणाऱ्याचे कर्तव्य



निमंत्रणपत्रिकेवरचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना हसू आले असेल. त्यात गैर काही नाही. ज्या व्यासपीठावरून संतसाहित्य, राज्यघटना, सहकार यांवर बोलले जाते, तिथे आज डुक्कर! वराहावतारापासून सुरुवात करून विषयाला सोवळे नेसवण्याचा मोह मी टाळणार आहे. डुक्कर हे जनावर आहे. ते पाळून या देशातली लाखो कुटुंबे पोट भरतात, मुलांच्या फिया भरतात, आजारपणे निभावतात. अशा जनावराबद्दल दिल्लीत एखादी अधिसूचना निघते आणि त्या कुटुंबांचे पुढचे वर्ष ठरून जाते. विषय व्याख्यानाला पुरेसा मोठा आहे, एवढी खात्री बाळगा.

अधिसूचना कसली? परदेशी जातीची डुकरे पैदाशीसाठी देशात आणू द्यायची की नाही, द्यायची तर कोणत्या देशातून, कोणत्या अटींवर, याची. वरवर पाहता हा कस्टम्सचा विषय वाटतो. मला तो शेतीचा वाटतो, आणि त्याहून जास्त न्यायाचा वाटतो.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कोणाला उठावे लागले तरी हरकत नाही. बाहेरून येणाऱ्या जनावराला दार लावण्याचा अधिकार सरकारला आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण दार लावले की आतल्या माणसांची सोय पाहण्याचे कर्तव्यही त्याच क्षणी सरकारकडे येते. अधिकार आपण सव्वाशे वर्षे वापरतो आहोत. कर्तव्याचे काय?

पहिला मुद्दा: हे दार बसवले कोणी?

महाराष्ट्राला १८९७ साल वेगळे सांगायला नको. प्लेग, घराघरांत शिरलेले सोल्जर, रँडवर झाडलेली गोळी. त्याच वर्षी माणसांसाठी साथरोगाचा कायदा आला. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, जनावरांसाठी कायदा आला: लाइव्हस्टॉक इम्पोर्टेशन अ‍ॅक्ट, म्हणजे पशुधन आयात कायदा. अगदी छोटा कायदा. त्याचे सार एका वाक्यात सांगता येते: ज्या जनावरांना संसर्गजन्य रोग होऊ शकतो, त्यांच्या आयातीवर सरकार अधिसूचना काढून नियंत्रण, मर्यादा किंवा बंदी घालू शकते. साम्राज्य गेले, घटना आली, परवाना राज आले आणि गेले, जागतिकीकरण आले. हा कायदा राहिला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि जनावरांबरोबर मांस, अंडी, दूध, गर्भ, वीर्य हेही त्याच्या कक्षेत आले.

आज कोणाला परदेशातून पैदाशीचा नर आणायचा असेल तर काय करावे लागते? जिवंत डुकरांची आयात खुली नाही. आधी परवाना हवा, त्यासाठी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचा होकार हवा. मग निर्यातदार देशाच्या सरकारी पशुवैद्याचा दाखला हवा, की हे जनावर अमुक रोगांपासून मुक्त असलेल्या भागातून आले आहे आणि तपासण्यांत निर्दोष ठरले आहे. आणि मग ते उतरणार फक्त जिथे सरकारी विलगीकरण केंद्र आहे तिथेच: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर. तिथे वेगळे ठेवायचे, पुन्हा रक्त तपासायचे, आणि सगळे ठीक निघाले तरच बाहेर सोडायचे.

हे ऐकून वाटेल, केवढा हा जाच! पण जगभर असेच आहे, आणि तसे का आहे याची गोष्ट आपल्याला जरा खाली पाहायला लावणारी आहे. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे वाटेत बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात उतरली. त्यांच्याबरोबर बुळकांड्या उतरला. युरोपला वाटत होते की हा रोग आपल्याकडून कायमचा गेला. घबराट उडाली, पॅरिसमध्ये परिषद भरली, आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी सही करून पशुरोगांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापली. जनावरांच्या व्यापाराचे आरोग्य नियम आज हीच संस्था ठरवते. म्हणजे ज्या नियमांवर बोट ठेवून आपण आज परदेशी डुकराला अडवतो, त्या नियमांचा जन्म आपल्या गुरांच्या भीतीतून झाला! तेव्हा ‘परकीय रोग’ म्हणताना आवाज थोडा बेताचा ठेवावा. रोगाला मायदेश नसतो. तो वाहतुकीबरोबर फिरतो.

दुसरा मुद्दा: भीती खरी आहे का?

खरी आहे. पूर्णपणे खरी आहे. मी आयातीवरच्या निर्बंधांचा विरोधक म्हणून इथे उभा नाही.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर हे नाव तुम्ही गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रात वाचले असेल. हा रोग माणसाला होत नाही, हे आधी सांगतो. समोरच्या रांगेतले चेहरे जरा सैल झाले तर बरे. पण पाळीव डुकराला झाला तर तो बहुतेक वेळा त्याला घेऊनच जातो. या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन माँटगोमेरी नावाच्या पशुवैद्याने १९२१ मध्ये केले, केनियात. तिथे गोऱ्या वसाहतवाल्यांनी युरोपातली डुकरे नेली होती. आफ्रिकेतल्या रानडुकरांच्या अंगात आणि त्यांच्या बिळांतल्या गोचिडांत हा विषाणू पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप नांदत होता. रानडुकरांना त्याचे काहीच होत नव्हते. युरोपी डुक्कर त्याच्या वाटेत आले आणि कळपच्या कळप मेले. परदेशी जात आणणाऱ्याने लक्षात ठेवावे असे यात काहीतरी आहे. आपण नेहमी विचारतो, बाहेरून येणारे जनावर कोणता रोग घेऊन येईल? इथे उलट झाले. बाहेरून आलेल्या जनावराला तिथल्या मातीतला रोग भेटला, आणि त्या भेटीतून जगभर फिरणारी साथ जन्मली.

पुढे काय झाले पाहा. १९५७ मध्ये रोग पोर्तुगालमधल्या लिस्बनला पोचला. कसा? जिवंत डुक्कर कोणी नेले नव्हते. विमानातले उरलेसुरले अन्न विमानतळाजवळच्या डुकरांना घातले गेले. १९६० मध्ये तो पुन्हा आला आणि या वेळी स्पेनमध्ये शिरला. तिथून त्याला काढायला या दोन देशांना तीस वर्षांहून अधिक काळ लागला. २००७ मध्ये तो जॉर्जियातल्या पोटी बंदराच्या परिसरात निघाला; संशय पुन्हा जहाजावरच्या खरकट्यावर. तिथून रशिया, पूर्व युरोप, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये चीन. जगातली जवळजवळ निम्मी डुकरे ज्या देशात, तिथे ही आग लागली.

आणि २०२० मध्ये भारत. अरुणाचल आणि आसाममध्ये डुकरे मरू लागली, नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले, आणि मे महिन्यात निदान पक्के झाले. आपण सगळे तेव्हा घरात बंद होतो, कोविडचे आकडे मोजत होतो. ब्रह्मपुत्रेच्या काठी दुसरी साथ चालू होती, तिचे आकडे कोण मोजणार? पुढच्या वर्षी मिझोराममध्ये तीस हजारांहून अधिक डुकरे गेली. २०२२ च्या जुलैमध्ये रोग केरळातल्या वायनाडमध्ये सापडला. ईशान्येपासून सह्याद्रीपर्यंत, दोन वर्षांत.

आता मला सांगा, हा विषाणू मुंबईच्या विलगीकरण केंद्रातून परवाना दाखवून आला का? परवाना घेऊन, रक्त तपासून आणलेल्या डुकराची वाट विषाणूला लागतच नाही. त्याची नेहमीची वाट वेगळी: खरकटे, कच्चे मांस, न धुतलेला ट्रक, डोंगरातली उघडी सरहद्द. २०१३ मध्ये मिझोराममध्येच डुकरांचा दुसरा एक रोग भारतात पहिल्यांदा दिसला. गर्भ टाकायला लावणारा आणि पिल्लांचा श्वास कोंडणारा तो पीआरआरएस. तेव्हाही बोट म्यानमारच्या सरहद्दीकडेच होते.

मग बंदर आणि विमानतळ राखायचेच नाहीत का? राखायचे. डोळ्यांत तेल घालून राखायचे. पण पुढच्या दाराला सात कुलपे लावून परसदार उघडे ठेवणाऱ्याला सावध म्हणायचे का?

तिसरा मुद्दा: परदेशी जात हवी कशाला?

हा प्रश्न सभेनंतर चहाच्या वेळी मला हमखास विचारला जाईल, म्हणून आत्ताच घेतो. आपली डुकरे काय वाईट आहेत?

वाईट मुळीच नाहीत. पण देशी डुक्कर हजारो वर्षे उकिरड्यावर, रानात, माणसाने टाकलेल्यावर जगत आले. अशा जगण्यात जे गुण लागतात ते त्याच्यात आले: काटकपणा, उपासमार सोसण्याची ताकद, रोगाला सहजासहजी दाद न देणे. लवकर वजन धरणे हा गुण कोणी त्याच्यात निवडलाच नाही. युरोप-अमेरिकेत दीडदोनशे वर्षे निवड झाली ती नेमकी याच गुणासाठी. यॉर्कशायर, लँडरेस, ड्यूरॉक, हॅम्पशायर, टॅमवर्थ ही नावे आपल्या वराहपालकांच्या तोंडी आहेत ती त्यामुळे. एका वेताला दहा-बारा पिल्ले, सहा-सात महिन्यांत विक्रीचे वजन, कमी चरबी. बँकेच्या कर्जावर पिगरी काढणाऱ्याला हे आकडे लागतात, कारण हप्ता देशी-विदेशी पाहत नाही.

आणि आयातीवर निर्बंध फक्त घेणारा देश घालतो असे समजू नका. देणाराही घालतो. डेन्मार्कने आपली लँडरेस जात कित्येक वर्षे बाहेर जाऊ दिली नाही. का? ब्रिटनच्या नाश्त्याच्या ताटातले बेकन डेन्मार्कचे, आणि ते तसेच राहावे म्हणून. १९३४ मध्ये अमेरिकेला थोडी जनावरे दिली तीही अट घालून, की शुद्ध जात म्हणून विकायची नाहीत. खुद्द ब्रिटनला १९४९ मध्ये लँडरेस मिळाली ती स्वीडनकडून. मातीतले सोने देतील, पण कुळातला नर द्यायला हात आखडतात! डॅनिश शेतकऱ्यांनी सहकारी कत्तलखाने काढले, सरकारबरोबर नोंदी ठेवल्या, कुठल्या नराची पिल्ले किती वाढली हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवले. सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्राने याची दखल घ्यावी. त्यांनी दार लावले, पण आत वर्षानुवर्षे काम केले. म्हणून ते दार त्यांना शोभले.

आपण काय केले? काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या-तिसऱ्या पंचवार्षिक योजनांच्या काळात देशात पैदास केंद्रे आणि बेकनचे कारखाने निघाले: अलिगढ, हरिणघाटा, गन्नावरम, रांची आणि आपल्या मुंबईत बोरिवली. आज बोरिवलीत राहणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की हे उपनगर एकेकाळी देशाच्या वराहविकासाच्या नकाशावर होते? या केंद्रांत परदेशातून आणलेले यॉर्कशायर ठेवले, त्यांची पिल्ले शेतकऱ्यांना वाटली. पण मूळ कळप लहान. नवे रक्त क्वचित येणार. मग त्याच त्या नात्यात पैदास होत गेली, वेत लहान होत गेले, पिल्ले दगावत गेली. शेतकरी म्हणू लागला, ही जात आपल्याकडे टिकत नाही. टिकेल कशी? जातीची चूक नव्हती. बाहेरचे रक्त अडवणाऱ्या देशाने आत पुरेसा मोठा कळप सांभाळायचा असतो, तो आपण सांभाळला नाही.

गायींच्या बाबतीत आपण हा पेच वीर्याने सोडवला. एका परदेशी वळूच्या गोठवलेल्या वीर्यकांड्या गावोगाव पोचल्या. डुकरात ते इतके सोपे नाही. नराचे बीज थंडी सोसत नाही. गोठवले तर त्याचा जोम जातो. म्हणून ते साधारण १७ अंशांवर ठेवून चार-पाच दिवसांत वापरावे लागते. परदेशातून आणायचे तर चार-पाच दिवसांत विमान, तपासणी, परवाना आणि शेतकऱ्याचा गोठा! म्हणून जिवंत जनावराचा आग्रह, आणि जिवंत जनावर म्हणून रोगाची भीती. निर्बंधाची खरी गाठ इथे आहे.

तरीही चांगले काम झाले आहे. गुवाहाटीजवळ राणी इथे राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र २००२ मध्ये सुरू झाले. हॅम्पशायर नर आणि बंगालच्या तराईतली घुंगरू मादी यांच्या संकरातून तिथे ‘राणी’ हा वाण निघाला. रांचीच्या बिरसा कृषी विद्यापीठाने टॅमवर्थ आणि देशी यांच्यातून ‘झारसुक’ काढला, आणि तो काळाच ठेवला, कारण तिथल्या आदिवासींना काळेच डुक्कर हवे असते. बरेलीच्या संस्थेने लँडरेस आणि उत्तर प्रदेशातल्या घुर्रा जातीतून ‘लँडली’ काढला. थोडे परदेशी रक्त एकदा आणायचे, आणि पुढे आपल्या हवापाण्यात, आपल्या लोकांच्या आवडीने घडवायचे, ही खरी वाट. ती आपल्याला सापडलेली आहे. तिच्यावर पैसा आणि माणसे किती, हा प्रश्न आहे.

कारण दुसरीकडे काय दिसते? २०१२ च्या पशुगणनेत देशात एक कोटी तीन लाख डुकरे होती. २०१९ मध्ये ९०.६ लाख. सात वर्षांत १२ टक्के घट. आणि ही आफ्रिकन स्वाइन फीव्हर येण्याआधीची मोजणी आहे, हे ध्यानात घ्या.

चौथा मुद्दा: दार चुकीचे उघडले तर, आणि चुकीचे लावले तर?

दोन्ही चुका जगाने करून दाखवल्या आहेत. आधी उघडण्याची.

हैती. कॅरिबियन समुद्रातला गरीब देश. तिथल्या खेड्यात प्रत्येक घरी एखादे काळे क्रिओल डुक्कर असे. ते काहीही खाई, कुठेही राही. शाळा सुरू व्हायच्या वेळी, लग्नात, मर्तिकात ते विकले जाई. १९७९ मध्ये तिथे हाच आफ्रिकन स्वाइन फीव्हर पोचला. अमेरिकेला धास्ती, की तो आपल्याकडे येईल. अमेरिकेच्या पुढाकाराने १९८२-८३ मध्ये हैतीतली उरलेली सगळी डुकरे मारली गेली. निरोगीसुद्धा. रोग गेला, हे खरे. मग बदल्यात आयोवाकडची पांढरी, सुधारित डुकरे आली. त्यांना हवी सिमेंटची जमीन, छप्पर, स्वच्छ पाणी, विकतचे खाद्य. ज्यांच्या स्वतःच्या घरावर छप्पर धड नव्हते अशांना ही डुकरे सांभाळायला दिली! हैतीच्या लोकांनी त्यांचे नाव ठेवले: चार पायांचे राजपुत्र. राजपुत्र मेले, किंवा विकले गेले. गरिबांच्या हातात काही उरले नाही. पुढे फ्रेंच मदतीने गॅस्कनी, चीन आणि ग्वादलूप इथल्या जातींचा काटक संकर आणावा लागला. पण मधल्या वर्षांत मोडलेली घरे पुन्हा उभी राहिली का?

शास्त्र चुकले होते का? विषाणूबद्दल नाही. चुकले होते ते माणसाबद्दल. परदेशी जात आत घेताना ती कोणाच्या दारात उभी राहणार हे कोणी विचारले नाही.

आता लावण्याची चूक. यात महाराष्ट्र आहे, आणि आपला सगळा देश आहे. फेब्रुवारी २००६, नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर. भारतातला पहिला बर्ड फ्लू. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. पुढे भारताने बर्ड फ्लूच्या नावाने बाहेरच्या कोंबड्या, अंडी, पिसे यांवर बंदी घातली. १९ जुलै २०११ च्या अधिसूचनेतली यादी वाचा. पक्षी आहेत, पिल्ले आहेत, अंडी आहेत, पिसे आहेत, आणि मधेच एक ओळ: जिवंत डुकरे. पक्ष्यांच्या बंदीत डुक्कर कसे? तर इन्फ्लुएंझा डुकरालाही होतो म्हणून. अमेरिकेने २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला. २०१४ मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला, २०१५ मध्ये अपिलातही गेला. का? भारताने धोक्याचे शास्त्रीय मूल्यमापन केले नव्हते. एखाद्या देशाच्या एका कोपऱ्यात रोग आला तर त्या देशाच्या उरलेल्या निरोगी भागाला वेगळे मानायला आपला नियम तयार नव्हता. आणि जे निकष आपण परक्याला लावत होतो, ते आपल्याच देशातल्या रोगाला लावत नव्हतो. हा वाद मिटायला २०२३ उजाडले.

यावर आपल्याकडे राग व्यक्त झाला: श्रीमंत देश आपल्या बाजारात घुसू पाहतात. पाहतातच! त्यांच्या कोंबडीच्या तंगड्यांना गिऱ्हाईक हवे आहे, २०२२ च्या जानेवारीत अमेरिकी डुकराच्या मांसालाही आपण दार उघडले. पण निकालातला तिसरा मुद्दा मला परकीयांचा वाटत नाही. आपल्या गावातल्या साथीची पाहणी न करता परक्या साथीचे नाव घेऊन बंदी घालणे, यात फसवणूक कोणाची होते? परक्याला फार तर एक बाजार कमी मिळतो. आपल्या पशुपालकाला मात्र रोगापासून संरक्षणही मिळत नाही आणि नवे रक्तही मिळत नाही.

जाता जाता तिसरी चूकही सांगतो, कारण ती आपल्या आठवणीतली आहे. २००९ चा स्वाइन फ्लू. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला. मास्कसाठी रांगा लागल्या. तो रोग पसरत होता माणसातून माणसात, पण नावात डुक्कर होते. ईजिप्तने देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारायचा हुकूम काढला. ती होती कैरोच्या कचरा वेचणाऱ्या ख्रिस्ती वस्त्यांची. शहराचे ओले खरकटे तीच खात. साथ थांबली नाही. कैरोच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग मात्र साठले. भीतीला शास्त्र सापडले नाही की ती सर्वांत दुबळ्या माणसाच्या जनावरावर जाऊन पडते.

आपल्याकडे तो दुबळा माणूस कोण? महाराष्ट्रात डुकरे पाळली ती वडार, कैकाडी अशा समाजांनी. झारखंडात आदिवासींनी. ईशान्येत घरोघरच्या बायांनी. देशातली जवळजवळ निम्मी डुकरे ईशान्येतच आहेत. म्हणून हा विषय कधी विधानसभेत गाजत नाही. दुधाचा भाव पडला की रस्त्यावर दूध ओततात, आणि ते योग्यच आहे, मंत्री धावत येतो. डुकरे मेली तर? खड्डा खणतात, पुरतात आणि घरी जातात.

पाचवा मुद्दा: मग करायचे काय?

मी धोरणकर्ता नाही, त्यामुळे मला निःसंकोचपणे बोलता येईल. अर्ज, परवाना, विलगीकरण हे ठेवाच. त्याच्या जोडीला चार कामे.

एक, निर्बंध देशाच्या नावाने घालू नका, रोगाच्या आणि भागाच्या नावाने घाला. रोगमुक्त, बंदिस्त कळप कुठे आहेत याची यादी ठेवा आणि तिथूनच, मोजकेच पण ठरलेल्या काळाने, नवे रक्त आणा. परवाना पाच वर्षे अडवून एकदम शंभर जनावरे आणण्यापेक्षा दर वर्षी थोडी आणणे शहाणपणाचे.

दोन, आणलेले रक्त सरकारी शेतावर सडू देऊ नका. नोंदी ठेवणारे मोठे मूळ कळप, त्यांच्या जवळ नरांची वीर्य केंद्रे, आणि चार-पाच दिवसांच्या आत गावात पोचणारा रेतन करणारा माणूस. हे झाले तर आयातीची गरजच वर्षागणिक कमी होईल. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर माद्यांच्या पिगरीला तीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. चांगले आहे. पण दोन माद्या पाळणाऱ्या बाईने चांगला नर आणायचा कुठून, याचे उत्तर त्या अनुदानात नाही.

तीन, देशी जातींकडे पाहुण्याच्या स्वागताच्या गडबडीत दुर्लक्ष नको. आपल्या शेजारी गोव्यात काणकोणकडची ‘आगोंदा गोवन’ ही जात राष्ट्रीय नोंदणीत आली आहे. छोटे, काळे, घराभोवती वाढणारे डुक्कर. गोव्याच्या ख्रिस्ती घरातले चोरीस आणि सोरपोतेल हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर झाले. आज ते कारखान्यातल्या संकरित डुकरांच्या मांसावर होतात, आणि जात आटत चालली आहे. एकदा गेली की कोणत्याही परवान्याने ती परत आयात करता येणार नाही. ती जगात दुसरीकडे कुठेच नाही. आसामच्या मानस अभयारण्याच्या गवतात पिग्मी हॉग नावाचे वीतभर उंचीचे रानडुक्कर आहे. मूळ रानटी कळप टिकून राहिलेले ते जगातले शेवटचे घर. आफ्रिकन स्वाइन फीव्हरची साथ तिथे पोचली तर ते घरही उरेल याची खात्री नाही.

आणि चार, सर्वांत महत्त्वाचे, भरपाई. साथ निघाली की नियमाने एक किलोमीटरच्या परिसरातली सगळी डुकरे मारायची असतात. निरोगीसुद्धा, हैतीसारखीच. भरपाई निम्मी केंद्राची, निम्मी राज्याची. कागदावर ठीक आहे. पण ती उशिरा पोचली, तर पुढच्या वेळी माणूस काय करील? डुक्कर आजारी दिसताच रात्रीत विकून टाकील. ट्रक निघेल, आणि विषाणूही निघेल. म्हणजे वेळेवर दिलेली भरपाई ही दया नाही; तीच खरी सरहद्द आहे. बंदरावरच्या विलगीकरणाइतकाच खर्च त्या पैशावर केला पाहिजे.

समारोप करतो. व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे.

कायदा जुना आहे आणि हवा आहे. भीती खरी आहे, पण तिची वाट बहुतेक वेळा परवानाधारक जनावराची नसते. परदेशी रक्त उपयोगी आहे, पण आपल्या हातांनी घडवल्याशिवाय ते आपले होत नाही. दार बेपर्वाईने उघडले तर हैती होते, आणि शास्त्राशिवाय लावले तर जागतिक व्यापार संघटनेत हार होते. या सगळ्यात एकच माणूस दोन्ही वेळा किंमत मोजतो: ज्याच्याकडे दोन-चार डुकरे आहेत आणि जो या सभागृहात नाही.

म्हणून पुढच्या वेळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘डुकरांच्या आयातीवर बंदी’ अशी दोन ओळींची बातमी दिसली, तर पान उलटू नका. तीन प्रश्न विचारा. ही बंदी कोणत्या रोगासाठी, कोणत्या भागापुरती आणि किती काळासाठी? तोपर्यंत आतल्या पैदाशीसाठी किती पैसे ठेवले? आणि डुक्कर मारायला आलेल्या पथकाबरोबर भरपाईचा धनादेश आला का? आपल्या आमदारांना विचारा, खासदारांना विचारा, पशुसंवर्धन खात्याला माहितीच्या अधिकारात लिहून विचारा. तिन्हींची उत्तरे मिळाली तर ती बंदी आपल्या हिताची आहे असे समजा आणि तिच्या बाजूने उभे राहा. एकाचे जरी मिळाले नाही, तर ते मिळेपर्यंत विचारत राहा.